लखनौचे मुन्शी नवलकिशोर आणि ‘अवध अखबार’

मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजांनी लखनौ पुन्हा ताब्यात घेतले, तेव्हा त्या शहरात वैभवाच्या खुणांपेक्षा उद्ध्वस्ततेच्या खुणाच अधिक होत्या. कैसरबागेतील महाल लुटले गेले होते. नवाब वाजिदअली शाह दोन वर्षांपूर्वीच पदच्युत होऊन कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिले होते. पुन्हा उठाव झालाच तर तोफा आणि पलटणी विनासायास हलवता याव्यात म्हणून दाट वस्तीचे मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले होते. दरबाराच्या आश्रयावर जगणारे शायर, दास्तानगो, हकीम, लेखनिक आणि मौलवी यांचे पोशिंदेच नाहीसे झाले होते. उठावाच्या आधी लखनौत निघणारी ‘तिलिस्म-ए-लखनऊ’सारखी उर्दू वृत्तपत्रे बंद पडली होती. दिल्लीत ‘देहली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी सप्टेंबर १८५७ मध्ये ठार केले होते. उर्दूत वृत्तपत्र काढणे हा त्या काळी जिवावर बेतणारा उद्योग ठरला होता.

अशा या शहरात त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात बावीस वर्षांच्या एका तरुणाने छापखाना काढला आणि पाठोपाठ एक उर्दू वृत्तपत्र सुरू केले. तरुण लखनौचा नव्हता, मुसलमान नव्हता आणि नवाबी दरबाराशी त्याचा दुरान्वयानेही संबंध नव्हता. त्याचे नाव नवलकिशोर भार्गव. त्याने सुरू केलेले ‘अवध अखबार’ पुढे सुमारे नव्वद वर्षे चालले, आणि त्याचा छापखाना एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक ठरला.

आग्रा, लाहोर, लखनौ

नवलकिशोर यांचा जन्म ३ जानेवारी १८३६ रोजी मथुरा परिसरात झाला. घराणे अलीगडजवळच्या सासनी येथील जमीनदारांचे. त्या काळी उत्तरेकडील सुशिक्षित हिंदू घरांत मुलाला संस्कृतबरोबर फारसीही शिकवण्याचा प्रघात होता, कारण कचेरीतील नोकरीचा मार्ग फारसी आणि उर्दूतूनच जात असे. नवलकिशोर यांचे पुढील शिक्षण आग्रा कॉलेजात झाले. तेथे लेखनाची गोडी लागली आणि वृत्तपत्रांशी परिचय झाला. त्यांच्या नावामागे कायमचे जोडले गेलेले ‘मुन्शी’ हे उपपद या फारसी-उर्दू विद्येचेच द्योतक आहे.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते लाहोरमध्ये. मुन्शी हरसुखराय यांनी १८५० मध्ये तेथे ‘कोहिनूर’ हे उर्दू वृत्तपत्र आणि त्याच नावाचा छापखाना सुरू केला होता. पंजाब नुकताच कंपनीच्या राज्यात सामील झाला होता. नव्या राजवटीला आपले हुकूम, कायदे आणि शालेय पुस्तके लोकांच्या भाषेत छापून देणारा माणूस हवा होता, आणि ‘कोहिनूर’ला सरकारी कामाचा आधार हवा होता. या परस्परसोयीवर तो छापखाना उभा होता. तरुण नवलकिशोर येथे उमेदवारीला लागले. नक्कल तपासण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत छापखान्याच्या व्यवहाराची खडान्‌खडा माहिती त्यांनी करून घेतली. त्याहून महत्त्वाचा धडा होता तो धंद्याच्या पायाचा. उर्दू छापखाना केवळ वर्गणीदारांवर तगत नाही, त्याला सरकारी कामाचे पाठबळ लागते, हे त्यांनी लाहोरात पाहिले.

हाच धडा घेऊन ते लखनौला आले. परिस्थितीही अनुकूल होती. अवधचे चीफ कमिशनर म्हणून आलेले सर रॉबर्ट मॉन्टगोमेरी हे त्याआधी पंजाबात अधिकारपदावर होते. लाहोरच्या छापखान्यात तयार झालेला, इंग्रजांशी वैर नसलेला आणि काम चोख करणारा तरुण त्यांना उपयोगाचा वाटला यात नवल नाही. सरकारी छपाईची कामे नवलकिशोर यांच्याकडे येऊ लागली. १८६० च्या दशकाच्या आरंभी छापखाना हजरतगंज या नव्या राजवटीच्या प्रतिष्ठित वस्तीत गेला.

दगडावरची छपाई

नवलकिशोर यांचे यश समजून घ्यायचे तर त्या काळच्या उर्दू छपाईचे तंत्र ध्यानात घ्यावे लागते. उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहिली जाते, त्यात अक्षरे एकमेकांवर कलतात, शब्द उजवीकडून डावीकडे तिरपे उतरत येतात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षर आपले रूप बदलते. हे वळण शिशाच्या सुट्या खिळ्यांत बसवणे अतिशय जिकिरीचे होते. खिळ्यांनी छापलेली उर्दू वाचकांच्या डोळ्यांना रुचतही नसे. यावर उपाय होता तो शिळाछापाचा. मराठीतही पोथ्या आणि पंचांगे एके काळी याच पद्धतीने छापली गेली.

या पद्धतीत कातिब, म्हणजे सुंदर अक्षराचा लेखनिक, खास तयार केलेल्या कागदावर तेलकट शाईने संपूर्ण पान लिहून काढी. ते पान गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर दाबून त्यावरील अक्षरे शिळेवर उतरवली जात. मग शिळा ओली करून तिच्यावर शाईचा रूळ फिरवला की, पाणी प्यायलेला दगड शाई घेत नसे आणि तेलकट अक्षरे तेवढी शाई धरीत. अशा शिळेवरून शेकडो प्रती निघत. काम संपले की दगड घासून पुन्हा नव्या पानासाठी तयार होई.

म्हणजे हा छापखाना यंत्रावर जितका अवलंबून होता, तितकाच माणसाच्या हातावरही होता. आणि सुंदर हाताची माणसे लखनौत मुबलक होती. नवाबी दरबार मोडल्यामुळे बेकार झालेले कातिब, फारसी-अरबीचे जाणकार, भाषांतर करू शकणारे मौलवी आणि पंडित यांना नवलकिशोर यांनी कामाला लावले. त्यांच्या छापखान्यात शेकडो माणसे राबू लागली. दरबारी आश्रयाची जागा मासिक पगाराने आणि पानामागे ठरलेल्या मोबदल्याने घेतली. एका संस्कृतीचा पोशिंदा बदलला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. राजाऐवजी आता छापखान्याचा मालक आणि त्याच्यामागे असलेला अनोळखी ग्राहक हे तिचे आश्रयदाते झाले.

वृत्तपत्र आणि ग्रंथ

‘अवध अखबार’ प्रारंभी साप्ताहिक होते. सरकारी हुकूम आणि नेमणुका, इंग्रजी वृत्तपत्रांतून अनुवादित केलेल्या देशोदेशीच्या वार्ता, इतर उर्दू पत्रांतून घेतलेला मजकूर, स्थानिक घडामोडी, शायरी आणि छापखान्याच्या नव्या पुस्तकांच्या जाहिराती असे त्याचे स्वरूप होते. जाहिरातींचा हा भाग गौण नव्हता. वृत्तपत्र दूरदूरच्या गावी पुस्तकांची वार्ता नेई आणि पुस्तकांच्या विक्रीतून आलेला पैसा वृत्तपत्राचा तोटा भरून काढी. त्या काळी अनेक उर्दू पत्रे दोन-चार वर्षांत बंद पडत असताना ‘अवध अखबार’ टिकले, त्याचे एक मुख्य कारण ही सांगड होय.

पुस्तकांतही त्यांनी असाच हिशेब ठेवला. १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. उत्तरेकडील कचेऱ्यांची भाषा उर्दू असल्याने वकील, मुख्त्यार, अंमलदार अशा सर्वांना तिचा उर्दू तर्जुमा हवा होता. कायद्याची पुस्तके आणि शिक्षणखात्याची क्रमिक पुस्तके ही हमखास खपाची कामे होती. या मिळकतीच्या बळावर नवलकिशोर यांनी खपाची कोणतीही शाश्वती नसलेले प्रचंड ग्रंथ हाती घेतले. अबुल फजलचा ‘अकबरनामा’ आणि ‘आईन-ए-अकबरी’, मौलाना रूमींची ‘मसनवी’, इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाचा उर्दू अनुवाद, अकबराच्या काळात झालेला महाभारताचा फारसी अनुवाद, सूरदासांचा ‘सूरसागर’, तुलसीदासांचे रामायण ही त्यांतील काही नावे. ज्या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती केवळ श्रीमंतांच्या संग्रहात असत, ते ग्रंथ आता माफक किमतीत टपालाने घरपोच येऊ लागले. उर्दू, फारसी, अरबी, हिंदी आणि संस्कृत या भाषांतील हजारो पुस्तके त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली.

यांत कुराणाच्या आवृत्त्यांचे स्थान विशेष होते. एका हिंदू मालकाच्या छापखान्यात पवित्र ग्रंथ छापला जातो, याबद्दल कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून नवलकिशोर फार दक्ष असत. कुराण मुखोद्गत असलेल्या हाफिजांकडून मजकूर तपासून घेतला जाई, हे काम करणारे कारागीर वजू करूनच शिळेला हात लावीत, आणि शिळा धुतलेले पाणी गटारात जाऊ न देता आदराने वेगळे विसर्जित केले जाई, असे परंपरेने सांगितले जाते. या कथांतील तपशील बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की, धार्मिक मुसलमानांनी त्यांच्या आवृत्त्या विश्वासाने विकत घेतल्या आणि हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

गालिब यांचे प्रकाशक

नवलकिशोर यांच्या व्यवहारी वृत्तीमागे असलेली साहित्याची जाण मिर्झा गालिब यांच्या संबंधातून दिसते. १८५७ नंतरची गालिब यांची वर्षे हालअपेष्टांची होती. निवृत्तिवेतन थांबले होते, अनेक मित्र फासावर गेले होते किंवा परागंदा झाले होते, दिल्ली ओळखू येईनाशी झाली होती. अशा काळात लखनौच्या या छापखान्याने त्यांच्या फारसी ग्रंथांचे प्रकाशन केले. फारसी शब्दकोशावरील त्यांचा वादग्रस्त टीकाग्रंथ ‘काते-ए-बुरहान’ १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये त्यांच्या संपूर्ण फारसी काव्याचा संग्रह निघाला आणि १८६८ मध्ये फारसी गद्याचा. गालिब यांना आपल्या उर्दू शायरीपेक्षा फारसी रचनेचा अधिक अभिमान होता, हे सर्वश्रुत आहे. ती रचना एकत्रित स्वरूपात छापलेली पाहण्याचे समाधान त्यांना १८६९ मधील मृत्यूपूर्वी लाभले. गालिब ‘अवध अखबार’चे वाचक होते, आणि त्यांच्याविषयीचा मजकूर त्या पत्रात येत असे.

दैनिक आणि कादंबरी

१८६७ मध्ये लखनौ आणि कानपूर ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. टपाल जलद झाले, तारायंत्राने वार्ता येऊ लागल्या आणि वाचकांची भूक वाढली. ‘अवध अखबार’ आठवड्यातून दोनदा, मग तीनदा निघू लागले आणि १८७७ मध्ये ते दैनिक झाले. उत्तर हिंदुस्थानातील आरंभीच्या उर्दू दैनिकांत त्याची गणना होते. त्याच वर्षी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. तुर्कस्तानच्या सुलतानाविषयी आत्मीयता बाळगणाऱ्या वाचकांना रोजच्या रोज युद्धवार्ता हव्या होत्या. दैनिक होण्याचा मुहूर्त अचूक साधला गेला होता.

पुढच्याच वर्षी नवलकिशोर यांनी संपादकपदासाठी पंडित रतननाथ धर ‘सरशार’ यांची निवड केली. लखनौच्या गल्लीबोळांत वाढलेले हे काश्मिरी पंडित मद्याचे शौकीन, स्वभावाने बेशिस्त आणि लेखणीने विलक्षण समर्थ होते. १८७८ पासून त्यांनी ‘अवध अखबार’मधून ‘फसाना-ए-आझाद’ क्रमशः लिहायला घेतले. आझाद नावाचा देखणा, भटका, हजरजबाबी तरुण लखनौच्या जत्रा, मैफली, अफूबाजांचे अड्डे, रेल्वे स्थानके पालथी घालतो, हुस्नआरावर अनुरक्त होतो आणि तिच्या इच्छेखातर तुर्कांच्या बाजूने लढण्यासाठी थेट रणांगणावर जातो. सोबतीला असतो खोजी, ठेंगणा, बढाईखोर आणि अफूच्या तारेत स्वतःला महावीर समजणारा. ज्या युद्धाच्या वार्ता वाचकांनी नुकत्याच वाचल्या होत्या, त्याच युद्धाला निघालेला कथानायक आता त्याच पत्राच्या पानांवर, असा तो योग होता.

सरशार मजकूर ऐन वेळी देत, लिहिलेले पुन्हा तपासत नसत, कथानकाचे धागे मध्येच सोडून देत. कादंबरीत याच्या खुणा ठिकठिकाणी आढळतात. परंतु पडत्या काळातील लखनौचे बोलणे, हसणे, रडणे त्यांनी जसे पकडले तसे दुसऱ्या कोणाला साधले नाही. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. पुढे नवलकिशोर यांनीच ही कथा चार जाड खंडांत ग्रंथरूपाने काढली. उर्दू कादंबरीच्या इतिहासात तिला मानाचे पान आहे. प्रेमचंदांनी तिचे संक्षिप्त हिंदी रूपांतर ‘आझाद-कथा’ या नावाने केले. पुढे ऐतिहासिक कादंबरीकार आणि लखनौच्या लयाला गेलेल्या संस्कृतीचे चरित्रकार म्हणून नावाजलेले अब्दुल हलीम ‘शरर’ यांनीही ऐन तारुण्यात ‘अवध अखबार’च्या संपादकवर्गात काम केले होते.

राजनिष्ठेची किंमत

मात्र या यशाला दुसरी बाजूही होती. सरकारी आश्रयावर वाढलेले ‘अवध अखबार’ राजनिष्ठ होते आणि त्याने ती निष्ठा लपवली नाही. प्रशासनातील उणिवांवर ते लिहीत असे, पण राज्यकर्त्यांच्या हेतूविषयी शंका घेत नसे. १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला. अशा पत्राला त्या कायद्याचे भय बाळगण्याचे फारसे कारण नव्हते. १८८५ मध्ये काँग्रेसची स्थापना झाल्यावर नवलकिशोर तिच्या विरोधकांच्या बाजूस राहिले.

लखनौतच त्यांना जबाब देणारे पत्र उभे राहिले. मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये ‘अवध पंच’ हे विनोदी साप्ताहिक काढले. अकबर इलाहाबादींसारखे लेखक त्यात लिहीत. हे साप्ताहिक सरकारची टर उडवी, काँग्रेसची बाजू घेई आणि संधी मिळेल तेव्हा ‘अवध अखबार’च्या मालकाची, संपादकाची आणि भाषेचीही यथेच्छ थट्टा करी. सरशार यांच्या भाषेतील चुका शोधून काढणे हा तर त्याचा आवडता उद्योग होता. या थट्टेत व्यावसायिक असूया होती, पण तत्त्वाचा प्रश्नही होता. ज्या सत्तेने हे शहर उद्ध्वस्त केले तिच्याच आश्रयाने या शहराची भाषा आणि ग्रंथ जपले जावेत, हे स्वाभिमानाला धरून आहे काय, असा तो प्रश्न होता.

नवलकिशोर यांनी त्याचे उत्तर वादातून दिले नाही. त्यांचे उत्तर ग्रंथांच्या यादीत शोधावे लागते. सरकारी कामाच्या जोरावर त्यांनी जे छापले त्यातील फार मोठा भाग सरकारला कोणत्याही अर्थाने उपयोगाचा नव्हता. तरीही त्यांच्या पत्राने राजकीय धैर्य दाखवले असे म्हणता येत नाही, आणि त्यांच्या गौरवाच्या भरात हे झाकणेही योग्य नाही. मौलवी बाकर यांनी लेखणीची किंमत प्राण देऊन चुकवली. नवलकिशोर यांनी ती मौन पत्करून चुकवली. त्यांनी जे वाचवले त्याचे मोल आणि त्यासाठी जे बोलायचे टाळले त्याचे मोल, ही दोन्ही त्यांच्या चरित्रात शेजारी शेजारीच मांडावी लागतात.

अखेरची वर्षे

उद्योग वाढला तशी कागदाची निकड वाढली. आयात कागदावर विसंबून न राहता १८७९ मध्ये लखनौत अप्पर इंडिया कूपर पेपर मिल उभी राहिली. तिच्या उभारणीत नवलकिशोर यांचा पुढाकार होता. कानपूर आणि लाहोर येथे छापखान्याच्या शाखा होत्या. १८८३ पासून त्यांनी आणखी एक अचाट काम अंगावर घेतले. लखनौचे दास्तानगो रात्र-रात्र जी ‘दास्तान-ए-अमीर हमझा’ तोंडी सांगत, ती त्यांच्याकडूनच लिहवून घेऊन छापण्याचे. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांच्या लेखणीतून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे खंड एकामागून एक निघू लागले. ही मालिका नवलकिशोर यांच्या पश्चात पूर्ण झाली, तेव्हा तिचे ४६ खंड झाले होते. तोंडी कथनाची कला पुढे लोप पावली. तिचे जे विशाल रूप आज वाचता येते ते या छापील पानांमुळे.

सरकारने १८८८ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला. १९ फेब्रुवारी १८९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय ५९ वर्षांचे होते.

त्यांचे दत्तकपुत्र प्रागनारायण यांनी छापखाना आणि दैनिक दोन्ही समर्थपणे चालवले. १९२२ मध्ये याच संस्थेतून ‘माधुरी’ हे हिंदी मासिक निघाले आणि काही काळ प्रेमचंद त्याच्या संपादनात होते. हिंदीचा वाचक वाढत होता, उर्दूचा कमी होत होता. फाळणीनंतर उर्दू वाचणारा मोठा वर्ग लखनौ सोडून गेला. शाळा आणि कचेऱ्यांतून उर्दू हद्दपार झाली. वारसांमध्ये छापखान्याची वाटणी झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘अवध अखबार’ही थांबले.

१९७० मध्ये, त्यांच्या मृत्यूला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, भारत सरकारच्या टपाल खात्याने नवलकिशोर यांचे तिकीट काढले. परंतु त्यांची खरी ओळख राहिली ती ग्रंथालयांत. पिवळ्या पडलेल्या, हात लावताच कडा तुटणाऱ्या शिळाछाप पुस्तकांच्या मुखपृष्ठावर त्यांच्या छापखान्याचे नाव दिसते. समीक्षक शम्सुर्रहमान फारुकी यांनी ‘दास्तान-ए-अमीर हमझा’चे सर्व ४६ खंड मोठ्या कष्टाने जमवले, कारण एकाच ठिकाणी संपूर्ण संच मिळणे दुर्मीळ झाले होते. १८५८ मध्ये बावीस वर्षांच्या मुन्शीने जुन्या हस्तलिखितांसाठी जे काम सुरू केले होते, तेच आता त्याने छापलेल्या पुस्तकांसाठी करण्याची वेळ आली होती.